सोयरीक ठरली, पण कोणत्या घरात?

अकोले तालुका म्हटलं की भंडारदरा, कळसूबाई, अगस्ती ऋषींचा आश्रम, ऊस आणि दूध आठवतं. आता याच तालुक्यात सकाळी सव्वानऊला मोबाईलकडे डोळे लावून बसणारी माणसंही आहेत. देशातल्या डिमॅट खात्यांनी २० कोटींचा आकडा कधीच ओलांडला. त्यातली काही राजूरची आहेत, काही कोतूळची, काही प्रवरेच्या काठची. या खातेदारांच्या गप्पांत अलीकडे एक विषय वारंवार निघतो: अमुक छोटी कंपनी तमुक बड्या परदेशी कंपनीशी हातमिळवणी करून चिप बनवणार, सर्व्हर जोडणार. बातमी यायची असते, भाव मात्र आधीच हललेला असतो.

या चर्चेच्या दोन बाजू आहेत आणि दोन्हींत दम आहे. म्हणून त्या दोघांच्या तोंडी दिल्या आहेत. काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, वाचणारे, जिद्दी. पुतणी संगमनेरला सीएच्या ऑफिसात काम करणारी, आकड्यांत रमणारी. नावं दिलेली नाहीत; वाचकाने आपल्याच घरातली घालावीत.

काका : तू रोज लोकांचे ताळेबंद बघतेस, म्हणून तुला सांगतो. एक छोटी कंपनी आहे. भाव पन्नासच्या आत. सर्व्हर बनवणाऱ्या तैवानच्या एका बड्या कंपनीशी तिचं जमणार आहे. ग्रॅच्युइटीतले दोन लाख तिच्यात घालावेत असा विचार आहे.

पुतणी : जमणार आहे असं कोण म्हणतं, काका?

काका : बोलणारे पुष्कळ आहेत. पण मी नुसतं ऐकून उडी मारणारा नाही, माग काढलाय. तैपेईला काँप्युटेक्स म्हणून मोठं प्रदर्शन भरतं. तिथं या कंपनीच्या संचालकाचा फोटो आहे आणि मागं त्याच तैवानी कंपनीचा स्टॉल. कंपनीनं नाव बदलून त्यात ‘टेक’ आणलं. उद्देशांच्या कलमात इलेक्ट्रॉनिक्स घातलं. वर सर्व्हर जोडणारे इंजिनिअर पाहिजेत म्हणून जाहिरात दिली. चारही गोष्टी एकाच दिशेला जातायत की नाही?

पुतणी : जातायत. पण चारही गोष्टी स्वस्तातल्या आहेत. प्रदर्शनाला कुणीही जाऊ शकतं. नाव बदलायला भागधारकांचा ठराव आणि निबंधकांची मंजुरी लागते, कारखाना लागत नाही. उद्देशांच्या कलमाचंही तेच. आणि जाहिरात दिली म्हणून माणूस घेतलाच पाहिजे असं कुठं आहे? ज्याला पैसा लागतो असं काही दाखवा ना. जागा घेतली का? यंत्रांची ऑर्डर गेली का? त्यासाठी कर्ज काढलंय का?

काका : हे सगळं झाल्यावर तो शेअर पन्नासला मिळेल का मला? उघड व्हायच्या आत ओळखायचं, हाच तर खेळ आहे. आणि नाव बदलण्याला तू हसू नकोस. जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर आठव. बोरी नदीकाठचं गाव, साने गुरुजी जिथं शिक्षक होते ते. तिथं १९४५ साली हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी तिचे शेअर घेतले. १९६६ साली हाशमभाई गेले, एकवीस वर्षांचा अझीम अमेरिकेतलं शिक्षण अर्धं टाकून आला. पुढं कंपनीचं नावही बदललं. आधी विप्रो प्रॉडक्ट्स, मग नुसतं विप्रो. नावातलं ‘व्हेजिटेबल’ गेलं आणि कंपनी कॉम्प्युटर बनवायला लागली! त्या वेळी तुझ्यासारखी कुणी असती तर म्हणाली असती, तेल-साबणवाल्यांना कॉम्प्युटर जमणार आहे होय?

पुतणी : म्हणाले असते, खरंय. तुमचा हा मुद्दा मी मोडून काढणार नाही. अमळनेरमध्ये कितीतरी घरांत विप्रोचे शेअर पिढ्यानपिढ्या राहिले आणि बोनसवर बोनस मिळत त्या घरांचं भलं झालं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. पण काका, त्या लोकांनी नेमकं काय केलं होतं? आयबीएम १९७७-७८ च्या सुमारास भारतातून जाणार, मग आपल्या वनस्पतीवाल्यांना संधी मिळणार, असा अंदाज बांधून त्यांनी शेअर घेतले होते का? त्यांनी सांभाळले ते डोळ्यांसमोरचा कारखाना बघून. तूप निघत होतं, विकलं जात होतं, लाभांश येत होता. कॉम्प्युटर त्यांच्या पदरात नंतर पडला.

काका : म्हणजे नशीब म्हण की.

पुतणी : नशीब आणि न विकण्याचा धीर. विप्रोनं नाव बदललं तेव्हा तिच्याकडं तीस वर्षांचा चालू धंदा होता. तुमच्या कंपनीकडं नाव बदलायच्या आधी काय होतं?

काका : व्यापार करायची म्हणे. कापडाचा की कशाचा.

पुतणी : बघा. आणि विप्रोच्याच गोष्टीची दुसरी बाजू सांगते. २००० सालच्या फेब्रुवारीत संगणक कंपन्यांची लाट टिपेला होती. त्या वेळी जगातली प्रत्येक मोठी कंपनी आपल्यालाच काम देणार, असं गृहीत धरून लोकांनी विप्रोचे शेअर चढ्या भावानं घेतले. लाट ओसरल्यावर त्यांना मुद्दल दिसायला वर्षं लागली. कंपनी तीच, प्रामाणिक, नफ्यातली. अमळनेरकराला तिनं तारलं आणि लाटेवर आलेल्याला रडवलं. कंपनी चांगली असणं वेगळं आणि आपण कोणत्या भावाला, कशाच्या भरवशावर घुसलो ते वेगळं.

काका : बरं, विप्रो ठेव बाजूला. आजचं बोलू. वेदांत-फॉक्सकॉनच्या वेळी केवढा गोंधळ झाला आठवतं ना? तळेगावला येणार म्हणून सगळे वाट बघत होते. दीड लाख कोटींचा चिपचा प्रकल्प. १३ सप्टेंबर २०२२ ला गुजरातबरोबर करार झाला आणि इकडं राजकारण पेटलं. पण वेदांतचा शेअर दुसऱ्या दिवशी केवढा उसळला! ज्यानं आधी ताडलं त्यानं कमावलं.

पुतणी : तेच उदाहरण मी देणार होते. १,५४,००० कोटींचा आकडा सगळ्यांनी वाचला. दुसऱ्या दिवशी वेदांत लिमिटेडचा शेअर दहाएक टक्के चढला. आणि मग कंपनीनंच शेअर बाजाराला कळवलं की सेमीकंडक्टरचा हा उद्योग वेदांत लिमिटेड करणार नाही. तो करणार व्होल्कन इन्व्हेस्टमेंट्स, म्हणजे सगळ्यात वर बसलेली मालकांची कंपनी. ती बाजारात नाहीच. त्यानंतर भाव खाली आला.

काका : समूह तर एकच ना?

पुतणी : समूह एक, पण खिसे दोन. तुम्ही शेअर घेतला वेदांत लिमिटेडचा. तिचा धंदा जस्त, ॲल्युमिनियम, तेल. चिपचा नफा झाला असता तर तो व्होल्कनच्या खिशात गेला असता. पाहुणे चुलतभावाच्या घरी मुलगी बघून गेले आणि मांडव आपण आपल्या दारात घातला, असं झालं ते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं जून २०२३ मध्ये वेदांत लिमिटेडला ३० लाखांचा दंड ठोठावला, तो याच कारणानं. आपणच फॉक्सकॉनबरोबर चिप बनवणार आहोत असं वाटावं, असं प्रसिद्धिपत्रक तिनं काढलं म्हणून.

काका : पण नंतर तो प्रकल्प वेदांत लिमिटेडकडं आणायचं ठरलं होतं. मी वाचलंय.

पुतणी : बरोबर वाचलंय. ७ जुलै २०२३ ला तसं जाहीर झालं. आणि १० जुलैला फॉक्सकॉन बाहेर पडली. तीन दिवसांत. चुलतभावाचं स्थळ आपल्या घरी आलं आणि मोडलंच.

काका : अगं, मोठ्या कंपन्यांचं राजकारण असतं ते. छोट्या कंपनीत असली भानगड नसते. एकच मालक, एकच धंदा.

पुतणी : छोट्या कंपनीचंच सांगते, आणि तीही आपल्या महाराष्ट्रातली. आरआरपी सेमीकंडक्टर. आधीचं नाव जी डी ट्रेडिंग अँड एजन्सीज. एप्रिल २०२४ च्या सुमारास भाव वीसएक रुपये. २०२५ च्या शेवटी अकरा हजारांच्या घरात.

काका : वीसचे अकरा हजार! आणि तू मला अडवतेस?

पुतणी : पूर्ण ऐका. सलग १४९ दिवस शेअर वरच्या सर्किटला होता. म्हणजे दिवसाला जेवढा चढायची परवानगी, तेवढा चढून कुलूपबंद. अशा वेळी विकणारा नसतो, म्हणून तुमच्यासारख्याला तो मिळतही नाही. बाजारात फिरणारे शेअर मूठभर, बहुतेक सगळे मोजक्या हातांत. वार्षिक अहवालात पूर्ण वेळ कर्मचारी किती दाखवले होते? दोन.

काका : दोनशे?

पुतणी : दोन. आता लोक काय धरून चालले होते ते बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत महापे इथं सेमीकंडक्टर प्रकल्पाचा मोठा समारंभ झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, देवेंद्र फडणवीस, डॉ. अनिल काकोडकर, सचिन तेंडुलकर, सगळे होते. तो समारंभ होता आरआरपी इलेक्ट्रॉनिक्सचा. प्रवर्तक तेच, पण कंपनी वेगळी आणि बाजारात नोंद नसलेली. लोकांनी फोटो पाहिला, ‘आरआरपी’ ही अक्षरं पाहिली आणि बाजारात जी आरआरपी दिसली तिच्यामागं लागले. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये आरआरपी सेमीकंडक्टरलाच कळवावं लागलं की आम्ही चिपचं कोणतंही उत्पादन सुरू केलेलं नाही, सरकारच्या कोणत्याही योजनेत अर्ज केलेला नाही आणि तेंडुलकरांचा या कंपनीशी संबंध नाही. बाजारानं तिचे व्यवहार आठवड्यातून एक दिवसावर आणले. सेबी तपास करत असल्याच्या बातम्या आल्या.

काका : म्हणजे कंपनीनंच फसवलं?

पुतणी : तो निकाल सेबी देईल, आपण नाही द्यायचा. मी खरेदी करणाऱ्याबद्दल बोलतेय. नाव सारखं, मालक सारखा, समारंभ खरा, पाहुणे खरे, फोटो खरा. यातलं एकही खोटं नव्हतं. फक्त कंपनी दुसरी होती.

काका : (जरा थांबून) हे मात्र मला नव्यानंच कळलं. पण दोन उदाहरणांवरून तू सगळं क्षेत्रच मोडीत काढतेस. मुरुगप्पांची सीजी पॉवर घे. आपल्या मुंबईचीच, जुनी क्रॉम्प्टन ग्रीव्हज. जपानच्या रेनेसासशी तिनं हात मिळवला की नाही? साणंदला प्रकल्प उभा राहिला की नाही?

पुतणी : राहिला. आणि खरी भागीदारी कशी दिसते ते बघायला तेच उदाहरण चांगलं. २९ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. खर्च पाच वर्षांत सुमारे ७,६०० कोटी. हिस्सा कोणाचा किती? सीजीचा ९२.३ टक्के, रेनेसासचा ६.८ आणि थायलंडच्या स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा ०.९. जागा साणंद. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिली प्रायोगिक लाइन सुरू झाली. नाव, हिस्सा, रक्कम, गाव, मुदत, सगळं कागदावर. आणि करार बाजारात नोंद असलेल्या सीजी पॉवरच्याच उपकंपनीत, म्हणजे भागधारकाच्याच घरात.

काका : मग मी काय म्हणत होतो? ज्यानं सीजी पॉवर दहाच्या आत घेतली तो आज कुठं आहे?

पुतणी : फार वर आहे. पण दहाच्या आत ती २०२० मध्ये होती, हिशेबातला घोटाळा उघड झाल्यावर कंपनी मोडकळीला आली होती तेव्हा. नोव्हेंबर २०२० मध्ये मुरुगप्पा समूहानं ती घेतली आणि मोटारी, ट्रान्सफॉर्मर, रेल्वेचं सामान या तिच्या जुन्या धंद्याची घडी बसवली. फेब्रुवारी २०२४ ला चिपची मंजुरी आली तोवर भाव चारशेच्या वर गेलेला होता. ज्यानं कमावलं त्यानं मोटारींवर कमावलं. चिप त्याला घरबसल्या मिळाली, अमळनेरकरांना कॉम्प्युटर मिळाला तसाच.

काका : फरिदाबादची नेटवेब?

पुतणी : तीही बघा. एनव्हिडियाच्या रचनेवर सर्व्हर बनवणारी. जुलै २०२३ मध्ये ५०० रुपयांनी शेअर विकायला काढले, त्या आधीपासून महासंगणक बांधत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तिनं बाजाराला कळवलं की १,७३४ कोटींची ऑर्डर मिळाली. रक्कम आली, काम कशाचं ते आलं. याला बातमी म्हणतात. उलट नुसतं ‘एनव्हिडियाचे भागीदार’ असं कुणी छापलं तर त्यानं भुलू नका. त्यांच्या भागीदार योजनांत जगभरच्या हजारो कंपन्या आहेत. त्यांची कार्डं विकणाराही भागीदार आणि त्यांच्यासाठी सर्व्हर बांधणाराही भागीदारच.

काका : आता माझं ऐक. तू म्हणतेस कागद येऊ दे. कागद माझ्याआधी कुणाला कळतो? संचालकाला, त्याच्या मेव्हण्याला, त्याच्या ब्रोकरला. मुंबईतल्या माणसाला जेवणाच्या टेबलावर कळतं ते अकोल्यातल्या माणसाला आठ दिवसांनी कळतं, तेही भाव चढल्यावर. कायद्यानं वागणारा लहान माणूस कायम रांगेत शेवटी. मग त्यानं फोटो बघून, जाहिराती वाचून अंदाज बांधला तर तो गुन्हा आहे का? माझ्याकडं दुसरं हत्यार काय?

पुतणी : गुन्हा मुळीच नाही. उघड माहितीवरून अंदाज बांधणं हा तुमचा हक्क आहे. आतल्या माहितीवर व्यवहार करणं हा गुन्हा, आणि तो तुम्ही करत नाही. तुमची तक्रारही खरी आहे. सेबीनं नियम केलाय की मोठ्या माध्यमांत अफवा आली आणि भाव ठळकपणे हलला तर कंपनीनं चोवीस तासांत हो, नाही किंवा काय ते स्पष्ट करायचं. १ जून २०२४ पासून पहिल्या शंभर कंपन्यांना आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांना तो लागू झाला. तुमची पन्नास रुपयांची कंपनी त्यात बसत नाही.

काका : मग? जिथं अफवा जास्त तिथंच नियम नाही!

पुतणी : मान्य. नियम उलट्या टोकापासून सुरू झालाय. पण त्याचा अर्थ काय निघतो? जिथं कंपनीवर खुलाशाची सक्ती कमी, तिथं आपण पैसा जास्त लावायचा की कमी? शिवाय आतल्यांना आधी कळतं हे तुमचंच म्हणणं. ते खरं धरलं तर तुमच्यापर्यंत आलेली कुजबुज कोणत्या टप्प्यावरची? ज्यांना घ्यायचं होतं त्यांचं घेऊन झालंय. आता त्यांना गिऱ्हाईक पाहिजे.

काका : गिऱ्हाईक म्हणजे मी.

पुतणी : तुम्हीच असं नाही, पण त्या रांगेत तुम्हीही.

काका : तू हुशारीनं बोलतेस. पण मला सुरक्षित जागा दाखव. पोस्टात टाक म्हणशील, बँकेत टाक म्हणशील. शंभर वर्षांहून जुनी नगर अर्बन बँक आपल्याच जिल्ह्यातली. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. ठेवीदार सट्टा खेळत होते का? म्हातारी माणसं होती, मुलीच्या लग्नाचे पैसे होते. जिथं धोका नाही म्हणायचे तिथं बुडाले. मग जिथं निदान कमवायची आशा आहे तिथं मी थोडा धोका घेतला तर काय बिघडलं?

पुतणी : या प्रश्नाला माझ्याकडं चटकदार उत्तर नाही, काका. बँक बुडाली तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा होता, तेवढाच आधार. त्यावरच्यांचे हाल झाले, ते खरंच. पण त्यातून शिकायचं ते हेच ना, की एका ठिकाणी सगळं ठेवू नये? तुम्ही तर ग्रॅच्युइटीचा मोठा भाग एका न जमलेल्या कराराच्या नावावर लावताय. आणि आपल्या जिल्ह्यातली दुसरी गोष्टही आठवा. २०२४ मध्ये शेवगाव तालुक्यात काय झालं? शेअर मार्केटमध्ये लावतो, दर महिन्याला ठरलेले टक्के देतो असं सांगणाऱ्यांनी गावोगाव कार्यालयं थाटली आणि मग एकामागून एक कुलपं लावून निघून गेले. जमिनी विकून पैसे दिले होते लोकांनी.

काका : ते ठगच होते. मी माझ्या खात्यातून, माझ्या नावावर शेअर घेतोय.

पुतणी : तो फरक मोठा आहे आणि तुमच्या बाजूचा आहे. शेअर तुमच्या नावावर राहील, कुणी घेऊन पळणार नाही. पण त्याला किंमत राहील का, हा प्रश्न उरतोच. वरच्या सर्किटला जसा विकत मिळत नाही, तसा खालच्या सर्किटला तो विकता येत नाही. छोट्या शेअरमध्ये नेमकं पाहिजे तेच दार बंद असतं.

काका : तू म्हणशील ते सगळं बरोबर, पण मग नव्या कंपनीला भांडवल कोण देणार? सगळेच कागद येईपर्यंत थांबले तर देशात चिप बनेल का? हाशम प्रेमजींना अमळनेरकरांनी पैसे दिले तेव्हा कुठला ताळेबंद होता? विश्वासच ठेवला ना?

पुतणी : हाशमभाईंना दिलेले पैसे कारखान्यात गेले. त्यातून इमारत झाली, यंत्रं आली. तुमचे दोन लाख या कंपनीच्या कारखान्यात जाणार नाहीत. ते जातील ज्यानं तुम्हाला शेअर विकला त्याच्या खात्यात. कंपनीला त्यातला एक रुपयाही दिसणार नाही. देशाला भांडवल द्यायचंच असेल तर कंपनी नवे शेअर काढेल तेव्हा तिचं माहितीपत्रक वाचून द्या. जुना शेअर दुसऱ्याकडून चढ्या भावानं घेतला म्हणजे देशसेवा झाली, असं नसतं.

काका : हं. हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. तरी सांगतो, या चिपच्या क्षेत्रात पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडं मोठं काही होणार, हे माझं मत मी बदलणार नाही.

पुतणी : बदलू नका. मलाही तसंच वाटतं. पण क्षेत्र मोठं होणार आणि तुमची कंपनी मोठी होणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून धोलेऱ्याला ९१,००० कोटींचा कारखाना उभारतायत. तो टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि तिचा शेअर बाजारात मिळतच नाही. अदानी आणि इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टरच्या तळोज्याच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं मंजुरीही दिली होती. २०२५ मध्ये ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. सरकारची मंजुरी असूनही असं होतं, तिथं प्रदर्शनातल्या फोटोचा काय भरवसा?

काका : मग मी करू काय, ते सांग. नुसतं नको म्हणू नकोस.

पुतणी : चार गोष्टी बघा. पहिली, बातमीत ज्या कंपनीचं नाव आहे आणि तुम्ही जिचा शेअर घेताय, त्या दोन्ही अक्षरशः एकच आहेत का? अख्खं नाव जुळवा, ‘लिमिटेड’पर्यंत. दुसरी, बीएसईच्या किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणा असतात. तिथं कंपनीनं स्वतः काही कळवलंय का? कळवलं असेल तर तो नुसता सामंजस्य करार आहे की ऑर्डर? सामंजस्य करार बहुधा कुणालाच बांधत नाही. तिसरी, रक्कम आणि मुदत आहे का, आणि ती कंपनीच्या आजच्या विक्रीच्या मानानं कितपत खरी वाटते? वर्षाला दोन कोटींची विक्री करणारी कंपनी हजार कोटींचं काम घेणार असेल तर पैसा कुठून आणणार, हे विचारायचं. चौथी, वार्षिक अहवालात माणसं किती, यंत्रं किती आणि प्रवर्तकांनी गेल्या तिमाहीत शेअर विकलेत का, तेही बघा. हे सगळं मराठी माणसाला घरबसल्या, एक पैसा न देता बघता येतं.

काका : आणि सांगणाराच जाणकार असेल तर? आमच्या ग्रुपमधला एकजण स्वतःला ॲनालिस्ट म्हणवतो.

पुतणी : त्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’नं सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’नं. क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर ताडून बघा. विचारल्यावर तो रागावला तर उत्तर मिळालं असं समजा.

काका : आणि चारही गोष्टी बघून माझा अंदाज तरीही कायम राहिला तर?

पुतणी : तर घाला. पण दोन लाख नाही. बुडाले तरी घरात बोलणी बसणार नाहीत एवढेच. कुठल्या भावाला आणि कोणत्या तारखेला बाहेर पडायचं, ते आजच वहीत लिहून ठेवा.

काका : दहा हजार घालीन. आणि माझा अंदाज खरा ठरला तर वर्षभर तुला ऐकवीन.

पुतणी : ऐकवा. मीच पेढे आणीन.

या वादात कोण जिंकलं, हे ठरवायची गरज नाही. काकांची तक्रार सरकारने आणि सेबीने ऐकण्यासारखी आहे. अफवेवर खुलासा करण्याची सक्ती फक्त मोठ्या अडीचशे कंपन्यांना असावी आणि अफवेवरच जगणाऱ्या हजारो छोट्या कंपन्या मोकळ्या राहाव्यात, याने लहान गुंतवणूकदाराचं रक्षण होत नाही. ज्या शेअरचा भाव सलग सर्किट लावत चढतो, त्याच्या कंपनीला, ती कितीही लहान असली तरी, चोवीस तासांत खुलासा करायला लावायला हवं.

पण नियम येईपर्यंत पैसा आपला आहे आणि जबाबदारीही. वेदांत आणि आरआरपी या दोन्ही प्रकरणांत लोक हार्डवेअर कळत नव्हतं म्हणून चुकले नाहीत. भागीदारी कोणाशी होतेय याचा त्यांनी पुष्कळ शोध घेतला. भागीदारी कोणाची होतेय हे मात्र बघितलं नाही. अमळनेरच्या आणि सीजी पॉवरच्या भागधारकांना हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्यांच्या हातातला शेअर चालत्या धंद्याचा होता आणि नवं काम त्याच कंपनीत आलं. अंदाज बांधायचा असेल तर जरूर बांधा. त्याआधी खरेदीच्या बटणावर बोट ठेवताना पडद्यावर दिसणारं कंपनीचं पूर्ण नाव मोठ्याने वाचा आणि बातमीतल्या नावाशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. जुळलं नाही तर बोट मागे घ्या.